पक्का लाल

माझ्या नातीचं पोट कापावं लागणार हे कळायच्या जरा आधी आमचं घर दवाखान्याच्या व्हरांड्यात भांडत होतं. आणि भांडण कशावरून, तर बाकावरून. विहीणबाईंनी, म्हणजे नातीच्या सासूनं, बाकाच्या मधोमध आपली पिशवी ठेवली होती. अलीकडे त्या आणि पलीकडे कुणीच नाही. माझी थोरली सून, नातीची आई, भिंतीला टेकून उभी होती.

"पिशवीला पण कळा येताहेत का?" माझा धाकटा म्हणाला. त्याला सगळे भोंगा म्हणतात. नाव मी ठेवलेलं नाही, पण दुसऱ्या कुणी ठेवलं नसतं तर मला ठेवावं लागलं असतं.

"बाळाचे कपडे आहेत तिच्यात," विहीणबाई म्हणाल्या. "स्वच्छ आहेत. उगाच कुणाचा हात लागायला नको."

कुणाचा म्हणजे आमचा. आम्ही रंगारी माणसं. आमची नखं सात पिढ्या स्वच्छ दिसलेली नाहीत. निळ्याचं काम असलं की निळी, पिवळ्याचं असलं की पिवळी. पण विहीणबाईंच्या कापडदुकानात जे लोक येतात ते ह्याच नखांनी रंगवलेलं कापड गालाला लावून बघतात, तेव्हा त्यांना कुणी हात धुवायला सांगत नाही. हे मी तोंडावर आणलं होतं. बोललेही असते, पण तेवढ्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

बाई उंचीला माझ्या खांद्याला लागतील न लागतील, पण चालणं असं की माणसं आपोआप भिंतीला चिकटत होती. मला बाई पहिल्यापासून आवडल्या. आपल्यासारखं माणूस ओळखायला वेळ लागत नाही.

"बाळ पुढे सरकत नाहीये," त्या म्हणाल्या. "आई दमलीय, पाणीही कालपासून जातंय. आता वाट बघण्यात अर्थ नाही. सिझेरियन करू. आत तयारी चाललीय. घाबरण्यासारखं नाही, पण मला एक गोष्ट नीट कळायला हवी. भरती करताना तुम्ही सांगितलंत की हिला पेनिसिलिन चालत नाही. कोणी सांगितलं?"

माझ्या थोरल्यानं, नातीच्या बापानं, जमिनीकडे बघत हात जरासा वर केला. शाळेत उत्तर येत नसताना तो असाच हात वर करायचा.

"काय झालं होतं तेव्हा?"

थोरला तोंड उघडणार तेवढ्यात भोंगा पुढे. "मी सांगतो! मी होतो ना तिथे! चार वर्षांची होती पोर. घसा सुजला, ताप आला, म्हणून इंजेक्शन दिलं. आणि सकाळी बघतो तर काय, नखशिखांत लाल! लाल म्हणजे अशी, टोमॅटो लाजेल. ओठ असे सुजलेले, डोळे फिरलेले, श्वास घेता येईना. गेलीच होती म्हणा ना. मी उचलली आणि पळालो."

"कुठे पळालात?" बाईंनी विचारलं.

"बाहेर."

"बाहेर कुठे?"

"म्हणजे, लोकांना सांगायला."

विहीणबाईंनी छातीवर हात ठेवला. "अगं बाई! एवढं झालं होतं? आम्हाला लग्नाच्या वेळी कुणी सांगितलं नाही."

मला ही गोष्ट पाठ होती. घरात ती इतक्या वेळा सांगितली गेली होती की पाहुणे आले की मुलं आपणहून म्हणायची, काका, लाल झालेली गोष्ट सांगा. मी स्वतः मात्र तेव्हा घरात नव्हते. परगावी माल पोचवायला गेले होते आणि दोन मुक्काम करून परतले, तोवर पोर अंगणात दगडांशी खेळत होती आणि गोष्ट गावभर झाली होती. तेव्हा त्या गोष्टीत सुजलेले ओठ नव्हते, हे मला त्या व्हरांड्यात उभं असताना पहिल्यांदा आठवलं. ओठ मागाहून आले. डोळे फिरले ते पोरीच्या दहावीच्या सुमारास. श्वास अडकला तो लग्न ठरलं तेव्हा.

डॉक्टरीणबाई मात्र गंभीर झाल्या. "ओठ सुजले असतील आणि श्वास अडकला असेल तर मी ते औषध हिच्या जवळही नेणार नाही."

"मग नका नेऊ," विहीणबाई म्हणाल्या. "ऑपरेशन झाल्यावर बघू, काय द्यायचं ते. आठ दिवस चांगल्या भारी गोळ्या द्या. माझ्या पुतणीला दिल्या होत्या."

"नंतर नाही," बाई म्हणाल्या. "आधी. चाकू लागायच्या आधी औषध रक्तात पोचलेलं पाहिजे. पोट उघडलं की जंतूंना वाट मिळते. ते आत शिरून ठाण मांडतात, आणि मग आपण औषध घेऊन मागे धावायचं, त्यात काय हशील? आधी एक डोस दिला की पुढचं बहुतेक संकट टळतं. मग आठ दिवस गोळ्या लागत नाहीत."

"पण आधी दिलं तर बाळाला जाईल की!"

"थोडं जातं. बाळाला त्यानं अपाय होत नाही. पूर्वी आम्हीही नाळ कापेपर्यंत थांबायचो. मग लक्षात आलं की त्या थांबण्यात आईचंच नुकसान होतं."

विहीणबाईंना पटलेलं दिसेना. मला मात्र एका दमात पटलं. कापडाला तुरटीच्या पाण्यात आधी बुडवतात, रंग मागाहून. आधी रंग देऊन नंतर तुरटी लावणारा रंगारी मी एकच पाहिला, आणि तो आता चहाची टपरी चालवतो. काही कामं आधीच करायची असतात. मागाहून केली तर ती नुसती धावपळ होते.

"मग दुसरं औषध नसतं का?" मी विचारलं.

"असतं, आजी. दोन वेगळी औषधं मिळून द्यावी लागतील. काम करतात, पण ह्याच्याइतकं चांगलं नाही. मला द्यायचंय ते पेनिसिलिनच्या चुलत घराण्यातलं. हिचं पाणी इतका वेळ जातंय, कळा इतक्या लांबल्यात, हिला जखम पिकायचा धोका इतरांपेक्षा जास्त. म्हणून हिला मला तेच द्यायचंय, जे सगळ्यात चांगलं. पण तुमच्या ह्यांनी," त्यांनी भोंग्याकडे पाहिलं, "जे सांगितलं ते खरं असेल तर मी देऊ शकत नाही. आत भूलवाले डॉक्टर येऊन हात धुताहेत. तेवढ्या वेळात नीट आठवून सांगा. अंगाला खाज होती का? गांधी उठल्या होत्या का? इंजेक्शननंतर किती वेळानं? आठवा."

जखम पिकणं हा शब्द आमच्या घरात नुसता शब्द नाही. माझी धाकटी जाऊ अशीच गेली. ते सगळं आता उगाळत नाही. एवढंच, की बाळंतपण सुखरूप झालं म्हणून आम्ही पेढा तोंडात घालतोय आणि तिचे टाके आतून कुजतायत, हे मी ह्या डोळ्यांनी पाहिलं आहे. आमच्या घरातलं कुठलंही पोट कापायचं म्हटलं की मला तो वास येतो.

मी थोरल्याकडे पाहिलं. तो जागेवर नव्हता.

तो जिन्याच्या वळणावर उभा होता, खिडकीच्या गजांना धरून. चाळिशी केव्हाच उलटलेला, अंगानं हौदासारखा भरलेला, आणि उभा असा की कुणीतरी कान धरून कोपऱ्यात उभं केलंय. त्याच्या मनात काय चाललंय ते मला कुणी सांगायला लागत नाही. मी त्याला पाजलाय. त्याला बोलायचं होतं आणि त्याच्यानं बोलवत नव्हतं. खोटं पचवलेल्या माणसाचा चेहरा निराळा असतो आणि खोटं अडकलेल्याचा निराळा. त्याचं अडकलं होतं.

"काय रे?" मी खालूनच विचारलं.

"काही नाही आई."

"काही नाही तर मग गज सोड. दवाखान्याचे आहेत ते, उपटून येतील."

त्यानं गज सोडले नाहीत.

तिकडे आत, नातीच्या खोलीत, तिच्या आईला, म्हणजे माझ्या थोरल्या सुनेला, बोलावणं आलं होतं. आत काय झालं ते दोघींनी मला मागाहून वेगवेगळ्या वेळी सांगितलं, आणि दोन्ही गोष्टी जुळल्या, म्हणून मी खरं धरते. नात वीजखात्यात इंजिनिअर आहे. खांबावर चढणारे पुरुष तिच्या एका हाकेनं खाली उतरतात. ती पलंगावर घामानं निथळत पडली होती आणि तरी नर्सला विचारत होती, तुमच्या इथे लाईट गेली तर जनरेटर किती वेळात लागतो.

"आई," ती म्हणाली, "ते विचारतायत मला काय झालं होतं. मला काही आठवत नाही गं. फ्रॉक आठवतो फक्त. लाल. बाबांनी रंगवलेला. मी काढूच देत नव्हते ना?"

सुनेनं मान हलवली.

"तुला आठवतं ना? मग सांग त्यांना. काकाचं काय ऐकतात."

"सांगते."

"तू सांगते म्हणतेस आणि सांगत नाहीस."

सून म्हणते की ते वाक्य तिला कानफटात बसल्यासारखं लागलं. पोर रागावून बोलली नव्हती. कळ येत होती, कळेच्या आधी जे खरं असतं ते तोंडून निघालं. सुनेनं तिच्या कपाळावरचा घाम पुसला, हाताकडे पाहिलं, आणि बाहेर आली.

माझी ही सून आमच्या घरात आली तेव्हा मी तिला मुकी समजले होते. नंतर कळलं की मुकी नाही, हिशेबी आहे. एक शब्द बोलायच्या आधी तो किती घरं फोडेल हे बघते. मला अशी माणसं समजत नाहीत. मी शब्द आधी टाकते आणि घरं मग मोजते. त्यामुळे आमचं दोघींचं कधी भांडण झालं नाही आणि मैत्रीही झाली नाही. ती माझ्यासमोर कधी बसली नाही आणि मी तिला कधी बस म्हटलं नाही.

ती सरळ डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन उभी राहिली. "तो रंग होता," ती म्हणाली.

इतक्या हळू, की बाईंना "काय?" म्हणावं लागलं.

"कसला रंग?" विहीणबाईंचे कान मात्र तयार.

सुनेनं माझ्याकडे पाहिलं.

आता इथे मला सांगायलाच हवं की आमचा लाल म्हणजे काय. आमच्या हौदातून निघालेला लाल उन्हात ठेवा, पावसात ठेवा, पोराच्या अंगावर घाला, दगडावर आपटा, सुटत नाही. पक्का लाल म्हटलं की बाजारात आमचंच नाव घेतात. तो लाल माझ्या थोरल्यानं बसवला. त्याआधी आम्ही निळ्यात होतो. निळ्यानं पोट भरत होतं, लालानं मान मिळाला. विहीणबाईंच्या दुकानात दारातच आमच्या लालाचे तागे उभे असतात, आणि सोयरीक जुळली ती त्या ताग्यांच्या आडून. मी स्वतः बाजारात, लग्नघरात, सोयऱ्याधायऱ्यांत छाती काढून सांगितलं आहे की आमचा लाल एकदाही, कुणाच्याही अंगावर, सुटलेला नाही.

तेव्हा सुनेनं माझ्याकडे पाहिलं ते का, हे मला लगेच कळलं. मी एक डोळा वटारला असता तर ती गप्प बसली असती. घरातल्या सगळ्यांना ते माहीत आहे, तिला तर सगळ्यांत जास्त.

"बोल," मी म्हटलं. "आणि मोठ्यानं बोल. मला मागे ऐकू येत नाहीये."

"ह्यांनी लाल पहिल्यांदा काढला तेव्हाची गोष्ट," ती म्हणाली. "पहिल्या हौदातला पहिला तुकडा लेकीच्या अंगावर बघायचा होता ह्यांना. धीर निघेना. एकदाच पाण्यातून काढला, उकळून घेतला नाही, पाणी साफ येईपर्यंत खंगाळला नाही. त्याच संध्याकाळी मी फ्रॉक शिवला. तिला ताप होता, इंजेक्शन देऊन आणली होती, पण फ्रॉक काढू देईना. तशीच झोपली. पहाटे घाम फुटला, ताप उतरला, आणि सगळा रंग अंगावर."

"ओठ सुजले होते?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"श्वास?"

"घोरत होती. नाक चोंदलं होतं."

"खाज?"

"काही नाही. उठली ती खायलाच मागत उठली. भाऊजींनी दारातून पाहिलं आणि इंजेक्शन बाधलं, इंजेक्शन बाधलं ओरडत गेले. मी हाक मारली, पण ते कोपऱ्यापलीकडे पोचले होते."

सगळे भोंग्याकडे वळले.

"मी दारातून पाहिलं, पण चांगलं पाहिलं," तो म्हणाला.

"ओठ कुठून आणलेस रे?" मी विचारलं.

"आता आई, गोष्ट म्हटली की थोडं..."

"गप."

तो गप्प बसला. आयुष्यात पहिल्यांदा.

मग मी सुनेकडे वळले. विश्वास नव्हता म्हणून नाही. पण रंगाची साक्ष आहे, ती रंगाऱ्यानंच घ्यायची.

"कुठे कुठे लाल होती?"

"मानेच्या घडीत. काखेत. गुडघ्यामागे. पोटावर जरा कमी."

"तोंडावर?"

"फक्त हनुवटीखाली. गळ्याची पट्टी लागत होती तिथे."

"पंजे?"

"पांढरे."

"धुतलीस तेव्हा फेस?"

"गुलाबी. दुसऱ्या पाण्याला कमी, तिसऱ्याला नाहीच. मी जोरात घासली म्हणून कातडी थोडी तांबूस राहिली. तेच मग सगळ्यांनी पाहिलं."

बाईंकडे वळून मी म्हटलं, "बाई, अंगातून उठलेला लाल पाण्यानं जात नाही, आणि तो फ्रॉकची शिवण बघून उठत नाही. हा आमचाच. कच्चा राहिलेला."

डॉक्टरीणबाईंनी डोळे बारीक केले. त्या हसत नव्हत्या, पण हसू कुठे ठेवलंय ते दिसत होतं. "मला पटतंय. तरी अजून एक. त्यानंतर हिला पेनिसिलिन कधी दिलं का? त्या घराण्यातलं काहीही?"

सुनेला पदर नव्हता म्हणून ओढणीचं टोक पिळलं तिनं.

"आता कशाला थांबलीस?" मी म्हटलं. "सगळं कापड उलगडलंयस, शेवटची घडी कशाला ठेवतेस?"

"दिलं," ती म्हणाली. "तेव्हाच. डॉक्टरांनी अजून इंजेक्शनं सांगितली होती. घरात सगळे म्हणत होते, आता एकही द्यायचं नाही. पण घसा बरा झाला नव्हता, आणि मला माहीत होतं की इंजेक्शनचा दोष नाही. मी तिला बाजाराला नेते म्हणून न्यायची आणि देऊन आणायची. सगळी पुरी केली."

"आणि?"

"रडायची. बाकी काही झालं नाही."

बाईंनी एक मोठा श्वास सोडला. "मग हिला ती अ‍ॅलर्जी नाही. कधी नव्हतीच. मी माझं औषध देते." आणि त्या आत वळल्या. जाता जाता सुनेच्या दंडाला हात लावून म्हणाल्या, "बरं झालं बोललात." मोठी डिग्रीवाली बाई, पण माणसाला कुठे हात लावायचा ते कळत होतं.

दार बंद झालं आणि व्हरांड्यात तेवढी शांतता झाली जेवढी विहीणबाईंना हवी होती.

"म्हणजे," त्या सावकाश म्हणाल्या, "तुमचा तो पक्का लाल सुटलेला आहे तर."

जिन्यावरून थोरला खाली आला होता. त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं. त्याला वाटत होतं मी आता त्याला सगळ्यांसमोर सोलणार. खरं सांगते, मलाही तसंच वाटत होतं. इतकी वर्षं मी छाती काढून जे सांगत फिरले ते खोटं होतं, आणि ते ह्या दोघांना माहीत होतं. एकाच घरात, एकाच चुलीवर जेवून.

"सुटला, विहीणबाई," मी म्हटलं. "माझ्या थोरल्याचा सुटला, त्याच्या स्वतःच्या लेकीच्या अंगावर. आणि मला आता कळलं की त्यानंतर हा माणूस लालाचं पाणी काचेसारखं होईपर्यंत हौदाजवळून का उठत नाही. जेवण निवतं, पाहुणे ताटकळतात, हा उठत नाही. मी त्याला हट्टी म्हणत होते. तुमच्या दारातल्या ताग्यात जो पक्केपणा आहे ना, तो त्या पहाटेचा आहे. ज्याचा एकदा सुटलाय त्याचाच रंग घ्यावा. ज्याचा कधी सुटलाच नाही म्हणतो, त्याचा अजून सुटायचाय."

विहीणबाई शेवटी व्यापारी बाई. माल ओळखतात. त्यांनी बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"बस," मी सुनेला म्हटलं.

तिला कळलंच नाही मी कुणाला म्हणतेय. भोंग्यानं तिला धरून बसवलं.

थोरला माझ्याजवळ आला. "आई, मी..."

"तुला नंतर बघते. आधी बाप म्हणून नीट उभा राहा. नाहीतर बाळ बाहेर येऊन हा चेहरा बघेल आणि परत आत जाईल."

आतून एक नर्स ट्रे घेऊन लगबगीनं चालली होती. मी तिला अडवलं. "औषध दिलं का पोरीला?"

"सलाईनमधून दिलं, आजी. आत्ताच."

"चाकू लागला?"

"अजून नाही. औषध आधी, मग चाकू. आमच्या बाई त्याशिवाय हातच लावू देत नाहीत."

"शहाण्या आहेत," मी म्हटलं, आणि तिला जाऊ दिलं.

मग बसून राहणं आलं. त्याचं काय वर्णन करायचं? माझ्या नाकात पुन्हा जावेच्या खोलीतला तो वास येऊ बघत होता. मी त्याला येऊ दिलं नाही. मी सुनेकडे बघत बसले. ही बाई माझ्या घरात राहिली, माझ्या हाताखाली वावरली, आणि सगळ्या घराच्या विरुद्ध, नवऱ्याच्या, दिराच्या, माझ्या, एकटी पोरीला उचलून दवाखान्यात नेत राहिली. कुणाला सांगितलं नाही. बरं वाटावं म्हणूनही नाही. मी तिच्या वयाची असताना माझ्यात एवढी छाती होती का? होती. पण मी सगळ्या गल्लीला ऐकवून नेलं असतं. गुपचूप नेण्याला जी छाती लागते ती वेगळी, आणि ती माझ्यात नाही. हे मला मान्य करायला जड गेलं नाही. हिला मीच पसंत करून आणली होती.

मुलगी झाली. ऑपरेशनला आत नातीजवळ थांबलेला नातजावई बाहेर आला, सांगायला तोंड उघडलं, आणि ढसाढसा रडायला लागला, म्हणून आधी सगळे घाबरले. मग नर्सनं दुपट्यातलं बाळ आणून दाखवलं. डोक्यावर केस, मुठी वळलेल्या, आणि रडणं असं की भोंग्याला वारस मिळाला म्हणून सगळे हसले. विहीणबाईंनी पिशवीतून अंगडं काढलं आणि सगळ्यांत आधी माझ्या सुनेच्या हातात दिलं. तिच्या नखांना त्या दिवशी हिरवा होता.

पुढचे दिवस मी रोज जात होते. रोज टाक्यांकडे बघायची. बाई म्हणायच्या, आजी, तुम्ही आमच्यापेक्षा जास्त वेळा बघताय. मी म्हणायची, बघू द्या, मला बघायची सवय आहे. जखमेच्या कडा एकमेकींना धरून होत्या, चांगल्या टिपेसारख्या. लाली नाही, सूज नाही, पाणी नाही. ताप नाही. विहीणबाईंनी एकदा पुन्हा गोळ्यांचं काढलं. त्यांच्या पुतणीला आठ दिवस दिल्या होत्या, आपल्या सुनेला एकही नाही म्हणजे काय? बाईंनी शांतपणे सांगितलं की गरज नसताना औषध देऊन ह्या आईचं काही भलं होणार नाही, उलट पोट बिघडेल, आणि पुढे खरंच लागेल तेव्हा औषध चालेनासं होईल. तेव्हा भोंगा म्हणाला, "विहीणबाई, तुमच्या पुतणीच्या उरल्या असतील तर मला द्या, माझा घसा बसलाय." तो कशानं बसलाय हे सगळ्यांना ठाऊक होतं. रोज येणाऱ्या प्रत्येकाला तो नवी गोष्ट सांगत होता, तिच्यात आता फ्रॉक होता, घाम होता, आणि त्यानं स्वतः दारातूनच ओळखलं होतं की हा रंग आहे.

थोरल्याला मी बघून घेतलं. काय बोलले ते आमच्या दोघांतलं आहे. एवढंच सांगते की शेवटी तो रडला आणि मी नाही.

घरी सोडायच्या दिवशी नात पलंगाच्या कडेला बसून बाळाला पाजत होती आणि फोनवर कुणाला तरी ट्रान्सफॉर्मरबद्दल झापत होती. सामान बांधलेलं होतं. नर्स आत आली. घरी जखमेची काळजी कशी घ्यायची, कधी परत यायचं, काय दिसलं तर ताबडतोब यायचं, हे सगळं समजावून सांगायचं होतं तिला. खोलीत आम्ही एवढी माणसं बघून ती गोंधळली.

"घरातलं मोठं कोण?" तिनं विचारलं.

हा प्रश्न माझ्या आयुष्यात दारात, दुकानात, कचेरीत, लग्नात, मर्तिकात असंख्य वेळा विचारला गेलाय आणि दर वेळी उत्तर द्यायला माझं तोंड आधीच उघडलेलं असायचं. सगळ्यांनी सवयीनं माझ्याकडे पाहिलं. विहीणबाईंनीसुद्धा.

मी सुनेच्या पाठीला हात लावला आणि तिला पुढे केलं. "ही," मी म्हटलं. "हिला सांगा."

सून एक पाऊल मागे येऊ बघत होती. मी हात काढला नाही. नर्सनं सांगायला सुरुवात केली. जखम कोरडी ठेवायची, रोज बघायची, ताप आला, कडा लाल झाल्या, पाणी सुटलं की उशीर करायचा नाही. सून मान हलवत ऐकत होती. मग मध्येच तिनं हात वर केला.

"थांबा," ती म्हणाली. "लाल झाल्या म्हणजे किती लाल? मला नीट सांगा. आमच्याकडे लालाचे फार प्रकार आहेत."

आवाज जरा मोठाच होता. पलीकडच्या खोलीतल्या बाईनंसुद्धा डोकावून पाहिलं. व्हायचाच. माझ्या हाताखाली तयार झालेली आहे.